तेरणेवरचा पूल पाडून नवा बांधायचाय: उंच की बुडता, जुन्याच जागी की वरच्या अंगाला?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव तेरणेच्या काठावर, माकणी धरणाच्या खालच्या अंगाला. गावात यायचा पक्का रस्ता एकच आणि त्या रस्त्यावर नदीवर बुडता पूल, आठ गाळ्यांचा. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आज्यानं ज्या रस्त्यावर खडी फोडली त्याच रस्त्यावर नंतर हा पूल झाला. पावसाळ्यात धरणाची दारं उघडली की पूल पाण्याखाली आणि गाव बेटावर. ऑक्टोबर २०२० च्या पुरात अलीकडचा भराव सगळा धुऊन गेला, कितीतरी दिवस वळसा घालून तालुक्याला जात होतो. मागच्या उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना खाली उतरून बघितलं, तिसऱ्या पिअरच्या म्हणजे पुलाच्या खांबाच्या बुडाशी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. वरून उसाचे ट्रॅक्टर जायलेत आणि खाली पाया उघडा. तेव्हापासून रोज पूल ओलांडताना तोच हात आठवतो.

आता नवा पूल मंजूर झालाय. सर्व्हेवाले येऊन दगडांवर लाल खुणा करून गेले. पुढच्या शुक्रवारी ग्रामसभा आहे, अभियंता साहेब येणारेत. कानावर आलेले पर्याय दोन. एक, जुना पाडून तिथंच उंच पूल, दोन्हीकडं मोठा भराव. दुसरा, वरच्या अंगाला तीनशे मीटरवर सरळ रेषेत नवा, पण त्यात नऊ जणांची जमीन जाते. आणि गावातली काही मंडळी म्हणायलेत की पुलाखालीच बंधारा करून घ्या, पाणी अडेल.

ग्रामसभेत नेमकं काय विचारावं? सगळे नुसतं "उंच करा, उंच करा" म्हणून उठतील हे मला आत्ताच दिसायलंय.

उसाचा_फड
उंचच करा. यात विचारायचं काय? आमच्याकडं गाळप चालू असताना पुलावरून रात्रभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात, समोरून काही आलं की एकानं अर्धा किलोमीटर मागं घ्यायचं. उंच आणि दोन गाड्या शेजारून जातील एवढा रुंद. बाकी सगळं नंतर.

बिनधास्त_बीड
+१. आणि वेळेचं कारण सांगू देऊ नका. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, नवा १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणलं तर होतं.

खडीमुरूम
तेरणाकाठ दादा, मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं पुलांवर गेली. तुमचा प्रश्न लई चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पुलाची उंची किती हे विचारू नका. पाण्याला वाट किती ठेवली हे विचारा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावोगाव इथंच गफलत होते. समजा नदी पुरात तीनशे मीटर पसरते. पुलाचे गाळे मिळून ऐंशी मीटर आणि उरलेल्या दोनशेवीस मीटरला दोन्ही बाजूनं उंच भराव. पूल कोरडा राहील, फोटो छान येईल. पण तो भराव म्हणजे बिनदाराचं धरण झालं. पाणी वरच्या अंगाला फुगणार आणि ऐंशी मीटरच्या तोंडातून दुप्पट जोरानं निघणार, तळ खरवडत. म्हणजे वर गाव बुडतं आणि खाली पाया उघडा पडतो, दोन्ही एकाच चुकीनं.

दुसरी गोष्ट, पूररेषा. आराखड्यात एचएफएल म्हणून एक आकडा असतो, पुराची सर्वोच्च पातळी. तो कुठून आणला हे विचारा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, देवळाच्या पायरीवरची, शाळेच्या भिंतीवरची खूण दाखवून, तिथं स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली मोजपट्टी उभी करून लेव्हल घेतली का? की ऑफिसात बसून गणितानं काढला? दोन्ही लागतात, आणि दोन्हींचा मेळ बसला पाहिजे.

तिसरी, पाया. त्यावर उद्या लिहितो.

बिनधास्त_बीड, सावित्रीचं उदाहरण खरं आहे पण तिथं शेजारी दुसरा पूल उभा होता, त्यावरून वाहतूक चालू राहिली, आणि तो महामार्ग. इथं एकच वाट आहे. जुना पाडला तर बांधेपर्यंत गाव कुठून जाणार, हा प्रश्न आधी.

वाहक_निवृत्त
खडीमुरूम साहेबांचं वाचून राहवलं नाही. मी एसटीत वाहक होतो, अठ्ठावीस वर्षं. बुडत्या पुलाच्या दोन्ही कडांना पांढरे दगड असतात ना, चुन्यानं रंगवलेले, ते आमचे देव होते. पाणी पुलावरून वाहत असलं की चालक गाडी थांबवायचा, मी खाली उतरायचो आणि दगड मोजायचो. दगडाचं डोकं दिसत नसलं की गाडी घालायची नाही, हा आमचा नियम, वरून कुणाचाही फोन येवो. एकदा अशीच गाडी थांबवली, आत चाळीस माणसं, अर्धे मला शिव्या देत होते, एक नवरदेव पण होता बाशिंग बांधून. तेवढ्यात पलीकडून एक दूधवाला मोटरसायकल घेऊन घुसला. "गुडघाभरच तर आहे" म्हणाला. मधल्या गाळ्यापाशी मागचं चाक सरकलं. माणूस बाभळीला अडकला म्हणून वाचला, गाडी आणि कॅन दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर खाली सापडले. नंतर बसमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही.

गुडघाभर वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडतं. हे ज्यानं डोळ्यानं बघितलं तो बुडत्या पुलाच्या बाजूनं बोलणार नाही. माझं मत उंच पुलालाच.

पुण्यातला_लातूरकर
आणि त्या नवरदेवाचं काय झालं काका? लग्न लागलं का?

वाहक_निवृत्त
लागलं की! पाणी उतरायला संध्याकाळ झाली. अलीकडं नवरदेव, पलीकडं नवरी, मध्ये अंतरपाट धरायला तेरणामाय. नवरीकडच्यांनी पलीकडच्या काठावर चूल मांडून आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवला होता. चालकाला आणि मला आहेर मिळाला.

माहेरवाशीण_औसा
मी पण तेरणाकाठचीच, माहेर तिकडं. उंच पुलाला माझा विरोध नाही पण खडीमुरूम काका जे म्हणले ते माझ्या आईच्या घरात घडलंय, म्हणून लिहायलेय.

आमच्या गावाला आधी फरशी पूल होता. पूर आला की पाणी पुलावरून आणि दोन्हीकडच्या रानांतून पसरून जायचं, गावात कधी शिरलं नव्हतं. मग उंच पूल झाला, दोन्हीकडं दगडी पिचिंगचा भराव. सगळे खूश. २०२० च्या ऑक्टोबरात रात्री अडीचला आईचा फोन, "पाणी उंबऱ्यावर आलं गं." अर्ध्या तासानं म्हणाली चुलीत आलं. सकाळी भिंतीवरची ओल मोजली, चौकटीच्या कडीच्या वर होती. पूल मात्र कोरडा ठणठणीत, वरून लोक पूर बघायला उभे. आई अजून म्हणते, पुलानं नदी आमच्या घरात वळवली.

त्या पुलाच्या भरावाला एकसुद्धा मोरी नाही. एक सुद्धा नाही.

उसाचा_फड
ताई, हे माहीत नव्हतं. माझा आधीचा प्रतिसाद घाईत होता. उंच पाहिजेच पण हे पण बघायला पाहिजे.

पाणलोट
मी तंत्रनिकेतनात शिकवतो, हायड्रॉलॉजी हा विषय. मोऱ्यांच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत, त्याला धरूनच थोडं गणित सांगतो, घाबरू नका.

नदीवर मोजणी केंद्र नसेल तर पूर किती येईल हे पाणलोट क्षेत्रावरून सूत्रानं काढतात. महाराष्ट्रात इंग्लिस साहेबाचं सूत्र चालतं, १२४ गुणिले क्षेत्र, भागिले क्षेत्र अधिक १०.४ चं वर्गमूळ. आता समजा एखाद्या नदीचं पाणलोट ३०० चौरस किलोमीटर आहे. इंग्लिसनं येतात सुमारे २,१०० घनमीटर प्रति सेकंद. त्याच नदीला डिकन्सचं सूत्र लावा, गुणांक १४ धरा, येतात सुमारे १,००० घनमीटर. दुपटीचा फरक! कारण इंग्लिसनं सूत्र बसवलं ते सह्याद्रीच्या पंख्यासारख्या पाणलोटांवर, तिथला पाऊस वेगळा, उतार वेगळा. मराठवाड्यात ते डोळे झाकून लावलं तर पूल उगाच महाग होतो, आणि लहान गुणांक घेऊन डिकन्स लावलं तर पूल तोकडा पडतो. म्हणून गावातली पूरखूण लागते. खुणेपाशी नदीचा छेद काढायचा, उतार काढायचा, मॅनिंगच्या सूत्रानं त्या दिवशी किती पाणी गेलं ते काढायचं, आणि मग कुठलं सूत्र खऱ्याच्या जवळ आहे ते कळतं. मोठ्या पुलाला साधारण शंभर वर्षांतून एकदा येईल एवढा पूर धरतात, त्याच्या वर स्लॅबच्या बुडापर्यंत मोकळी जागा. ३०० ते ३,००० घनमीटरच्या पुराला ती १.२ मीटर, त्याहून मोठ्या पुराला दीड मीटर. ही जागा पुरात वाहून येणाऱ्या झाडांसाठी असते. मराठवाड्यात वेड्या बाभळीची अख्खी झुडपं येऊन गाळ्याला बुचासारखी बसतात.

तेरणाकाठ यांच्या बाबतीत मात्र सूत्र एकटं पुरणारच नाही कारण वर धरण आहे. धरणाचा सांडवा पूर्ण क्षमतेनं सुटला तर किती पाणी, आणि त्याच वेळी धरणाखालच्या ओढ्यांचं किती, दोन्हीची बेरीज आराखड्यात धरलीय का, हे नक्की विचारा. पाटबंधारेवाल्यांकडं सांडव्याचे आकडे असतात, पूल बांधणारं खातं वेगळं, ते मागवतात का नाही ते बघा.

तेरणाकाठ
बापरे, एवढं सगळं! वहीत लिहून घेतोय. माहेरवाशीण ताई, तुमचा प्रतिसाद ग्रामसभेत वाचून दाखवला तर चालेल का? नाव-गाव न घेता.

माहेरवाशीण_औसा
चालेल की. आईला सांगते, तिला बरं वाटेल.

नांदेडकर
बंधाऱ्याचा विषय कुणी घेतलाच नाही अजून. मला वाटतं पूल आणि बंधारा एकत्र व्हावा. आपण मराठवाड्यातले लोक, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, विसरलो का? आणि त्याच वर्षी परतीच्या पावसात नद्या दुथडी. एवढा खर्च करून नदीत पिअर उभे करायचेच तर त्यांच्या मध्ये दारं लावली तर पाणी अडेल, विहिरींना फुटेल. कल्पना नवी पण नाही. नळदुर्गला जाऊन बघा, बोरी नदीवर आदिलशाहीतलं धरण आहे, पोटात पाणीमहाल, नर-मादीचे धबधबे. तेच धरण नळदुर्ग आणि रणमंडळ ह्या दोन किल्ल्यांना जोडणारा पूल पण आहे. चारशे वर्षं झाली, उभं आहे.

खडीमुरूम
नळदुर्गचं उदाहरण मनाला भिडणारं आहे, नांदेडकर. पण ते बांधलंय अख्ख्या पात्रभर दगडात आणि खडकावर. आपल्या पुलाच्या गाळ्यात दारं लावली की गणित बदलतं. पुराच्या आधी दारं काढली नाहीत तर काय होतं ते मी दोनदा बघितलंय. को. प. म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढायला माणूस नसतो, पाणी चढतं, मग फळ्या निघत नाहीत, बाभळी येऊन अडकतात, आणि सगळा जोर पुलावर. बंधारा करायचा तर स्वयंचलित दारं, आणि ती कोण चालवणार, पगार कोण देणार, हे कागदावर आधी. ते नसेल तर बंधारा पुलापासून वेगळा, खालच्या अंगाला, बराच लांब.

पाणलोट
अजून एक, तुमच्या नांदेड जिल्ह्यातलंच उदाहरण नांदेडकर. बाभळी बंधाऱ्याची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची, नंतर लावायची. म्हणजे दारं बंद तो काळ नेमका पुलाच्या पायाचं काम करायचा काळ! बंधाऱ्याच्या फुगवट्यात पूल बांधायचा म्हटलं की पात्रात पाणी उभं असणार, कॉफरडॅम म्हणजे पाणी अडवणारा तात्पुरता बांध टाकून पंप लावून पाया खणावा लागतो, खर्च वाढतो. तेरणाकाठ, तुमच्या खालच्या अंगाला बंधारा असेल तर हे पण विचारा. आणि धरणाचं रब्बीचं आवर्तन कधी सुटतं ते पण.

नांदेडकर
हे मात्र खरंय, आमच्याकडं एका पुलाचा पाया असाच दोन हिवाळे पाण्यात बुडून होता. मी माझा आग्रह सोडतो. पण पाणी अडवायचा विषय सोडू नका एवढंच, वेगळा बंधारा तरी मागा.

खडीमुरूम
आता पाया, काल राहिला होता.

पूल पडतो तो बहुतेक वेळा वरून नाही, खालून. तिसऱ्या पिअरच्या बुडात तुमचा हात गेला ना, त्याला खरवड म्हणा, स्काउर म्हणा. पुराचं पाणी पिअरला आपटून खाली वळतं आणि भोवऱ्यानं वाळू उपसतं. पूर उतरताना तोच खड्डा गाळानं परत भरतो, म्हणून उन्हाळ्यात बघणाऱ्याला काही दिसत नाही. तुम्हाला दिसलं याचा अर्थ खड्डा भरायला वरून वाळूच येत नाही. आजूबाजूला वाळू उपसा चालतो का? चालत असेल तर तो नव्या पुलाखाली पण चालणार, आणि नव्या पुलाचा पाया पण उघडा पडणार. ग्रामसभेच्या ठरावात हे घाला, पुलाच्या वर-खाली वाळूला हात लावायचा नाही.

खरवड किती खोल जाईल याचं सूत्र आहे. पाणलोट सरांचाच १,००० घनमीटरचा पूर घ्या, ९० मीटर रुंदीतून चालला आणि तळ वाळूचा असला तर सरासरी खरवड पूररेषेपासून सुमारे पावणेसात मीटर येते, पिअरपाशी त्याच्या दुप्पट धरतात, म्हणजे साडेतेरा मीटरच्या आसपास. पूररेषेपासून बरं का, तळापासून नाही. पाया त्याच्याही खाली पाहिजे. खडक वरच लागला तर प्रश्न मिटला, कडक खडकात ६० सेंटिमीटर, मऊ असेल तर दीड मीटर आत गाडायचा.

पण खडक लागला म्हणजे काय लागलं, हे नीट बघा. आपल्याकडं काळ्या पाषाणाचे थर एकावर एक आहेत आणि मध्ये कुठं कुठं तांबडा मातकट थर असतो. ड्रिल मशीन वरच्या थराला लागलं, "खडक आला" म्हणून थांबलं, आणि खाली दोन मीटरवर तांबडा थर निघाला तर सगळं मुसळ केरात. बोअर प्रत्येक पिअरच्या जागी पाहिजे आणि खडकात पुरेसा खोल. दोन काठांवर दोन बोअर मारून मधलं अंदाजानं भरलेलं चालत नाही.

पिअरचं तोंड गोल पाहिजे हे पण बघा. पाण्याचा दाब काढताना चौकोनी तोंडाला गुणांक १.५ आणि गोल तोंडाला ०.६६ धरतात. एवढ्या साध्या गोष्टीनं अर्ध्याहून जास्त मार वाचतो.

किल्लारी९३
मोठी माणसं बोलायलीत तर एक मुद्दा माझा पण. तेरणाकाठ म्हणजे आमच्याच पट्ट्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं त्याच्या आधी आपला भाग भूकंपाच्या नकाशात झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ ला नियम बदलले आणि आपण झोन ३ मध्ये आलो. जुना पूल झोन १ च्या काळातला. नव्याच्या आराखड्यात झोन ३ चा हिशेब धरलाय ना, हे विचारायला विसरू नका. मी त्या वेळी सहा वर्षांचा होतो. आमच्या घरातून दोघंच बाहेर निघालो.

तेरणाकाठ
विसरणार नाही भाऊ. पहिल्या पानावर लिहिलं.

खडीमुरूम
किल्लारी९३, बरं झालं सांगितलंत. झोन ३ ला हलणाऱ्या स्लॅबला अडवणारे ठोकळे लागतात, बेअरिंगवरून म्हणजे खांबावरच्या टेकूवरून स्लॅब घसरू नये म्हणून. ड्रॉइंगमध्ये दिसतात, दाखवा म्हणायचं.

सातबारा
जमिनीचं कोणीच बोलेना म्हणून बोलतो. वरच्या अंगाच्या पर्यायात नऊ जणांची जमीन जाते म्हणालात. पुलाला विरोध नसतो, मोजणीला असतो. २०१३ च्या कायद्यानं बाजारभावाला गुणांक आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते, शिवाय थेट खरेदीची वाट पण आहे. पण ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत त्यातले निम्मे मयत, वारस नोंद नाही, हिस्से पडलेले नाहीत. पैसे कोर्टात जमा होतात आणि भाऊ-भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नऊच्या नऊ जणांच्या वारस नोंदी आत्ताच लावून घ्या. पूल दोन वर्षांनी होईल, फेरफार आज होतो.

विहीर, बोअर, पाइपलाइन, आंब्याची झाडं, सगळं संयुक्त मोजणीत लिहून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

बिनधास्त_बीड
मग जुन्याच जागी का नको? जमीन नाही, कोर्ट नाही.

उसाचा_फड
जुन्या जागी केला की वळण रस्ता करावा लागतो भाऊ, नदीतून सिमेंटचे नळे टाकून मुरुमाचा. आमच्याकडं केला होता. पहिल्या पावसात गेला, परत टाकला, परत गेला. त्या हंगामात ऊस तोडून फडात वाळत पडला, वजन घटलं ते आमचं. मुलं छातीएवढ्या पाण्यातून दोरीला धरून शाळेला. जमीन द्यावी लागली तरी चालेल पण जुना उभा असताना नवा शेजारी होऊ द्या, मग जुना पाडा. ह्या एका गोष्टीवर मी हटणार नाही.

पुण्यातला_लातूरकर
जुना पाडायचाच कशाला? गुरं, पायी माणसं, धुणं, राहू द्या की. आमच्या लहानपणीच्या सगळ्या आठवणी त्या पुलावरच्या.

खडीमुरूम
आठवणी कळतात दादा, मी पण अशाच पुलावरून पोहायला उड्या मारल्यात. पण राहू देऊ नका. दोन कारणं. एक, जुना ठेंगणा पूल खालच्या अंगाला राहिला की पुरात तोच अडथळा, पाणी फुगून नव्याकडं येतं. दुसरं, वापर बंद झालेल्या पुलाकडं कुणी बघत नाही आणि लोक मात्र त्यावर जातात. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, वर फिरायला आलेली माणसं होती, चार जण गेले. जुना पूल पाडायचा खर्च नव्याच्या अंदाजपत्रकातच पाहिजे. नसेल तर तो कधीच पाडला जात नाही, मी सांगतो.

आणि उसाचा_फड बरोबर बोलले. दोन पर्यायांत माझं मत वरच्या अंगाला. पण अट एक, तिथं नदी सरळ पाहिजे. वळणावर पूल बांधला की पाणी एकाच काठाला खातं. तेरणाकाठ, तुमच्या त्या जागी नदी कशी आहे?

तेरणाकाठ
सरळ आहे, दोन्ही काठ उंच आहेत. उजव्या बाजूला मात्र काळी जमीन लांबपर्यंत, पूर आला की तिकडंच पसरतो.

खडीमुरूम
मग तिकडच्या भरावात मोऱ्या, आणि जमलं तर एक-दोन जादा गाळे. आणि भरावाखालची काळी माती काढून मुरूम, नाहीतर दोन पावसाळ्यात भराव बसतो आणि पुलाच्या तोंडाला खड्डा पडतो. तुम्ही बघितलंच असेल, नव्या पुलावर चढताना गाडी उडते.

गोदाकाठी_मंजू
मी बराच वेळ नुसती वाचत होते. एक विचारू? पुलावर दिवे आणि पायी चालायला वेगळी पट्टी मागता येते का? आमच्याकडं पुलावरून रात्री पोरी ट्यूशनहून येतात आणि कठड्याला चिकटून चालतात.

खडीमुरूम
मागता येतेच. फुटपाथ आधीच आराखड्यात असला तर फार खर्च नाही, नंतर जोडता येत नाही. ताईंचा मुद्दा ठरावात घ्या.

तेरणाकाठ
मंडळी, ग्रामसभा झाली. काय झालं ते सांगतो.

अभियंता साहेब तरुण होते, ऐकून घेणारे. मी वही काढली आणि पहिला प्रश्न खडीमुरूम काकांचाच विचारला, पूररेषा कुठून घेतली. त्यांनी आकडा सांगितला. मग मी म्हणलं, साहेब, पाच मिनिटं मारुतीच्या देवळात चला. सगळी ग्रामसभा उठून निघाली. आमच्या गल्लीतल्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढं, त्यांना खुर्चीवर बसवून नेलं. त्यांनी काठीनं दाखवलं, "हितं, ह्या नंदीच्या कानाला पाणी लागलं हुतं वीस साली." शाळेच्या भिंतीवर मुलांनी त्या वेळी खिळ्यानं ओढलेली रेघ अजून आहे, ती पण दाखवली. सर्व्हेवाल्या पोरानं तिथंच लेव्हल लावली, दोन्ही खुणांवर स्टाफ धरला. दोन्हीची पातळी एकमेकींशी बोटभर फरकानं जुळली. आणि आराखड्यातली पूररेषा त्याच्यापेक्षा १.१ मीटर खाली निघाली.

साहेब थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या हातानं डायरीत लिहून घेतलं, आणि म्हणाले जलशास्त्राचा हिशेब परत करू, सांडव्याचे आकडे पाटबंधारेकडून मागवतो.

माहेरवाशीण ताई, तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. उजव्या बाजूला तीन मोऱ्या आणि एक जादा गाळा ठरावात आला. वरच्या अंगाची जागा बहुमतानं. नऊ पैकी सात जण तिथंच तयार झाले, दोघांनी वेळ मागितली, त्यातल्या एकाची विहीर जाते त्याचं म्हणणं चुकीचं नाही. वारस नोंदीसाठी तलाठी पुढच्या आठवड्यात गावात बसणार. वाळू, फुटपाथ, झोन ३, जुना पूल पाडायचा खर्च, सगळं ठरावात आहे. बंधारा वेगळा मागितलाय.

मंगळवारी ड्रिल मशीन येतंय. काका, मी तिथं थांबणार आहे, काय बघू?

खडीमुरूम
वा! आजींना माझा नमस्कार सांगा.

मशीनमधून खडकाचे गोल तुकडे निघतात, ते लाकडी पेटीत ओळीनं मांडतात, प्रत्येक तुकड्याला खोली लिहिलेली. प्रत्येक पेटीचा फोटो काढा, खोलीचा आकडा दिसेल असा. तुकडे लांब निघाले तर खडक चांगला, चुरा निघाला तर वाईट. तांबडं काही दिसलं की त्याच वेळी साहेबांना फोन करा, संध्याकाळची वाट बघू नका. आणि ज्या बोअरचं पाणी मध्येच गायब होतं, म्हणजे वरून ओतलेलं पाणी परत येत नाही, ते पण लिहून ठेवा, तिथं भेग आहे.

पहिली पेटी निघाली की इथं टाका. मी बघतो.

तेरणाकाठ
टाकतो काका. आजी म्हणायल्यात मलापण तिथं खुर्ची टाका.